आजार येण्याआधी

भारतात पाच वर्षांखालील मुलांचे निम्म्याहून अधिक मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत होतात. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालील मृत्यू ३२ होते, आणि त्यांतले २० या पहिल्या चार आठवड्यांतले. महाराष्ट्रात हेच आकडे १८ आणि ११ होते. एकूण मृत्यू कमी, पण विभागणी जवळपास तीच. म्हणून लहान मुलांच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेचा विचार लसीच्या सुईपासून सुरू करून भागत नाही, तो बाळंतिणीच्या खोलीपासून करावा लागतो. ही खोली बंद असते. सव्वा महिना बाळ-बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाहीत, बाहेरच्या माणसालाही आत सहसा घेत नाहीत. दवाखान्याचे दार चोवीस तास उघडे असले तरी या घरांना त्याचा उपयोग थोडाच. सेवेलाच घरी जावे लागते.

ते कसे साधते हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९९० च्या दशकात त्यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, श्वास मोजणे, गारठलेल्या बाळाला ऊब देणे, दूध ओढत नसेल तर आईला शिकवणे, आणि रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची ठरावीक लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे त्यांचे काम. प्रयोगाआधी त्या गावांत हजारामागे ६२ नवजात बाळे दगावत; तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, तेव्हा सर्वाधिक चर्चा झाली ती इंजेक्शनची. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सिरिंज देणे अनेकांना पटले नव्हते. पण आकडा खाली आला तो इंजेक्शनबरोबरच नियमित पाहणीमुळे, हे त्या गोंगाटात थोडे मागे पडले.

श्वास मोजण्याचेच बघा. लहान मुलांतला न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप लागतोच असे नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक झाला की न्यूमोनिया धरायचा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर लगेच रुग्णालय गाठायचे. अडचण अशी होती की गडचिरोलीतल्या अनेक सुईणींना बारापुढे मोजता येत नव्हते. तेव्हा एक साधी पाटी तयार झाली: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, दुसरी मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर तो न्यूमोनिया. ज्या बाईला पन्नास म्हणजे किती ते सांगता येत नाही, ती या पाटीवर अचूक निदान करू शकते.

२००१ मध्ये बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि सरकारी नोंदींत न आलेल्या मृत्यूंचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. पुढे २०११ पासून घरभेटींची ही पद्धत देशभर आशा कार्यकर्तीच्या कामात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात फेऱ्या. २०१८ पासून त्याच साखळीत तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या भेटीही जोडल्या गेल्या. आशा येते तेव्हा झोळीच्या काट्यात बाळाला घालून वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, नाळ बघते आणि आईला अंगावर पाजून दाखवायला सांगते. यातली सर्वांत मोलाची गोष्ट शेवटची. काल चांगले ओढणारे बाळ आज तोंड फिरवते किंवा मलूल पडून राहते, हात-पाय गार लागतात, रडणे क्षीण होते, तर बाकी काही दिसो न दिसो, त्याला हलवायचे. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्गात ताप येईलच असे नाही; उलट अंग गार पडू शकते. ‘ताप नाही ना, मग काही नाही’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिलासा इथे घात करतो.

बाळंतिणीच्या खोलीतल्या जुन्या रिवाजांना सरसकट नावे ठेवणे सोपे आहे आणि चुकीचेही. सव्वा महिना बाईला कामाला न लावणे, बाळाला आईच्या कुशीतच ठेवणे, आल्यागेल्याला बाळाला हात लावू न देणे, हे सगळे आजचा बालरोगतज्ज्ञही सांगेल. तेलाने हलक्या हाताने मालीश करायलाही हरकत नसते. हरकत आहे ती नाका-कानात तेल सोडायला, बंद खोलीत धुरी द्यायला आणि नाळेवर हळद, राख किंवा शेण लावायला. नाळ कोरडी ठेवायची, तिच्यावर काहीही लावायचे नाही. पहिला पिवळसर चीक काढून टाकणे, मध चाटवणे आणि घुटी उगाळून देणे यांनीही नुकसानच होते. चिकात संसर्गाशी लढणारे घटक भरलेले असतात, आणि मधातल्या जिवाणूंपासून वर्षाच्या आतल्या मुलाला क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा आहे; तिच्याबद्दल तर मतभेदाला जागाच नाही.

जन्मानंतर तासाभरात अंगावर घेणे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही न देणे, या दोन गोष्टींसाठी पैसे पडत नाहीत आणि जुलाब व न्यूमोनिया रोखण्यात त्यांच्या तोडीचे उपाय थोडेच आहेत. काहीही म्हणजे पाणीसुद्धा नाही. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हे कुणाला पटत नाही, पण आईच्या दुधात बाळाला पुरेल एवढे पाणी असते. आईने मात्र भरपूर प्यायला हवे. आई आजारी असेल किंवा बाळ फार अपुऱ्या दिवसांचे असेल तर दुसऱ्या आईचे दूध उपयोगी पडते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली मातृदुग्ध पेढी ही आशियातली पहिली मानली जाते.

सहा महिने पूर्ण झाले की नुसते दूध पुरत नाही. उष्टावणाचा मुहूर्त बहुधा याच सुमारास येतो, ही परंपरेची बाजू अगदी नेमकी. पण उष्टावणात चाटवलेल्या खिरीनंतर घरात काय शिजते, यावर पुढचे ठरते. मराठी घरात लहान मुलाला ‘पचायला हलके’ म्हणून वरणावरचे पाणी, भाताची पेज, डाळीचे कढण दिले जाते. त्यात पाणीच जास्त असते. या वयातल्या मुलाचे पोट लहान आणि गरज मोठी. वाटीभर पातळ पेजेने पोट भरते आणि वजन जागचे हलत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट, कुस्करलेला वरणभात, त्यावर चमचाभर तूप किंवा तेल, शिजवून मऊ केलेली भाजी, खात असतील त्या घरी अंडे, आणि हे दिवसातून तीनदा, चारदा. दात येण्याची वाट बघायची नसते. बाजारातून घरी येणारे सर्वांत हानिकारक खाणे बहुधा चहा-बिस्किट हेच असावे. त्याने भूक मरते आणि चहातले घटक अन्नातले लोह शोषू देत नाहीत. पाच रुपयांची कुरकुरीत पुडी त्याच्या पाठोपाठ येते.

हा हिशेब प्रत्यक्षात दिसतो तो अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तेव्हापासून मुलांचे वजन घेणे हे सेविकेचे नित्याचे काम झाले. निरोगी बाळाचे वजन साधारण पाचव्या महिन्यात जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाच्या शेवटी तिप्पट होते. जन्मताच अडीच किलोपेक्षा कमी भरलेले बाळ सुरुवातीपासून जोखमीचे. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख असतो. तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिलेल्या मानकांवर आधारलेला आहे, आणि ती मानके ठरवताना अभ्यासलेल्या सहा देशांतल्या मुलांत दिल्लीतली मुलेही होती. ‘आपली मुले जात्याच बारीक’ या समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही.

आलेखावर बघायचे काय? बहुतेक आया रंग बघतात: हिरव्या पट्ट्यात आहे, म्हणजे ठीक. खरी खूण रेषेच्या चढात असते. हिरव्या पट्ट्यात असूनही दोन महिने वजन वाढले नाही आणि रेषा आडवी झाली, तर ते मूल खालच्या पट्ट्यात राहूनही वर चढणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजीचे. आडवी रेषा सांगते की काहीतरी आत्ता बिघडते आहे: जुलाब, खोकला, दुसऱ्या बाळंतपणामुळे दूध तुटणे, किंवा आई रोजंदारीवर गेल्याने दिवसभर बिस्किटांवर राहणे. या टप्प्यावर ते दुरुस्त होते. कुपोषण डोळ्यांना दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

वजनाखेरीज दंडघेर मोजण्याची तीनरंगी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान मध्यम. तीव्र कुपोषित मुलाला भूक असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात वाढीव आहार मिळतो. सूज, ताप किंवा भूक नसणे असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावे लागते. काटा नीट चालतो का, उंची घेताना मुलाच्या टाचा टेकल्या आहेत का, असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर पुढची आकडेवारी उभी असते, आणि त्या किरकोळच मानल्या जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. श्रीमंत गणल्या जाणाऱ्या राज्यात दर चार मुलांमागे एक कृश असणे हे राज्याच्या उत्पन्नाच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

लसीकरणाशी मुंबईचे नाते जुने आहे. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. प्लेगवरची लस १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी याच शहरात तयार केली आणि आज जगभरातल्या लहान मुलांना दिल्या जाणाऱ्या लसींचा मोठा भाग पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून जातो. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम देशात १९८५ पासून चालतो. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

वेळापत्रक वाटते तेवढे किचकट नाही. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-ब ची मात्रा. ही शेवटची चोवीस तासांच्या आत. त्यानंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरस. पेंटाव्हॅलंट म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जंतू या पाचांवरची एक लस. न्यूमोकोकल लस दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. पोलिओचे इंजेक्शनही दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, आणि दीड वर्षाच्या आसपास गोवर-रुबेलाचा दुसरा व त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) वर्धक डोस. खासगी दवाखान्यांत यापेक्षा जास्त लसी मिळतात, पण सरकारी यादीतल्या लसी दुय्यम असतात हा समज खोटा आहे.

उपकेंद्रातल्या लसीकरण सत्रात बघण्यासारखी एक गोष्ट कुणी सहसा बघत नाही. पोलिओच्या कुपीवर छोटे वर्तुळ असते आणि त्यात एक चौकोन. लस उष्णतेत राहिली तर चौकोन हळूहळू गडद होतो. तो वर्तुळाच्या रंगाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी बाद. लसी दोन ते आठ अंश तापमानात ठेवायच्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीतून बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून गावात न्यायच्या, आणि गोवराची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा, असे नर्सबाई सांगतात ते क्वचित येणारी तीव्र प्रतिक्रिया तिथल्या तिथे सावरता यावी म्हणून. रात्री येणारा ताप मात्र अपेक्षितच असतो.

गोवराची लस नवव्या महिन्याआधी सहसा देत नाहीत, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्ये तोवर लसीलाच निष्प्रभ करतात. पहिल्या डोसानंतरही काही मुले असुरक्षित राहतात. दुसरा डोस त्यांच्यासाठी. गोवर इतका संसर्गजन्य आहे की त्याला रोखायला जवळपास ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. कोरोनाच्या दोन वर्षांत लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या शेवटी गोवंडी परिसरातून मुंबईत गोवर पसरला, मुले दगावली. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावे लागले, काही भागांत सहा महिन्यांच्या बाळांनाही. पुरळ उठलेल्या मुलाला दवाखान्यात नेऊ नये, ‘गोवर बाहेर पडू द्यावा’, ही समजूत त्या गल्ल्यांत आड आली. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ च्या मात्रा देणे आवश्यक असते. त्याने डोळे वाचतात आणि जीवही.

डोस चुकतात ते बहुतेक वेळा विरोधामुळे नव्हे. पहिले बाळंतपण माहेरी होते. दीड महिन्याचा डोस माहेरच्या गावी मिळतो, अडीच महिन्यांच्या सुमारास सून सासरी जाते, आणि दोन्ही गावांच्या रजिस्टरांत नाव अर्धवट राहते. बीड, अहिल्यानगरकडची ऊसतोड मजुरांची कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सहा महिन्यांच्या त्या मुक्कामात लहान मूल उसाच्या फडात वाढते आणि त्याचे कार्ड गावच्या पेटीत असते. चुकलेल्या डोसामुळे पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे जायचे असते. हे अनेक आयांना माहीत नसते आणि ‘आता बोलणी खावी लागतील’ म्हणून त्या केंद्राकडे फिरकत नाहीत. बोलणी खावी लागतात, हेही खरे आहे.

लसींच्या रांगेत बाकीचे उपाय उरकले जातात, पण ते कमी महत्त्वाचे नाहीत. जीवनसत्त्व अ चा पहिला डोस नवव्या महिन्यात, नंतर दर सहा महिन्यांनी पाचव्या वर्षापर्यंत, एकूण नऊ. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचे सिरप एक मिलिलिटर. शौच काळसर होते म्हणून आया ते बंद करतात, वास्तविक त्यात काही बिघडत नाही. वर्षापुढच्या मुलांना जंतनाशक गोळी, दोन वर्षांपर्यंत अर्धी, पुढे पूर्ण, चुरून द्यायची. जुलाब लागले तर जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर पाण्यात घोळायचे, पेलाभर पाण्यात नव्हे. आणि जुलाब थांबले तरी जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या. दूध आणि जेवण थांबवायचे नाही.

शरीराइतकेच मुलाच्या विकासाकडेही लक्ष द्यावे लागते. दोन महिन्यांचे बाळ ओळखीचा चेहरा पाहून हसते, चार महिन्यांत मान धरते, आठव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसते, दीड वर्षाच्या आत चालू लागते आणि दोन वर्षांचे होते तेव्हा दोन शब्द जोडून बोलते. काही आठवडे मागेपुढे चालतात. पण ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणत तीन वर्षांपर्यंत थांबणे महागात पडते, विशेषतः कारण ऐकू न येणे असेल तर. जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब हेरण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते. हृदयातले छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल यांवरचे पुढचे उपचार त्यातून मोफत होतात. पथक येणार त्या दिवशी मूल अंगणवाडीत असले पाहिजे, एवढे पालकांच्या हाती असते.

रांगायला लागलेल्या मुलाच्या बाबतीत धोका घरातलाच असतो. जमिनीवर ठेवलेले उकळते वरण, पाण्याने भरलेली उघडी बादली, पाण्याच्या किंवा सोड्याच्या बाटलीत ओतलेले रॉकेल किंवा फवारणीचे औषध, हातात दिलेला शेंगदाणा. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकला की दुर्बिणीने काढावा लागतो.

पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणीचा दुसरा वर्धक डोस असतो. मूल तोवर शाळेत जाऊ लागलेले असते, अंगणवाडीचे रजिस्टर मागे पडलेले असते, आणि हा डोस सर्वाधिक विसरला जाणाऱ्यांपैकी एक. त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची मात्रा असते. तेव्हाही तेच जुने कार्ड लागते.